मामांच्या जास्वंदीत लपवलेला ‘क’

आमचे मामा कोथरूडला राहतात, वीज मंडळातून रिटायर झालेत आणि सध्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत, म्हणजे थोडक्यात फुलटाइम नोकरी चालूच आहे. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय पेटलेले. एक म्हणजे पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरला कुणीतरी ठोकून गेलं त्याची सीसीटीव्ही क्लिप, आणि दुसरा तो नेहमीचा फॉरवर्ड, ‘गुड मॉर्निंगचे फोटो उघडू नका, त्यात कोड लपवलेला असतो, खातं रिकामं होतं’. मामांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, “तू ह्यातलंच काहीतरी करतेस ना गं? फोटोत खरंच काही लपवता येतं का उगाच आपलं?”

येतं. आरामात येतं. फक्त त्या फॉरवर्डमध्ये म्हटलंय तसं नाही. मी इमेज प्रोसेसिंगमध्ये काम करते, हा प्रश्न मला लग्नात, ट्रेनमध्ये, डेंटिस्टच्या खुर्चीत सगळीकडे विचारून झालाय, तर यावेळी जे मामांना सांगितलं तेच इथे लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आधी एक फरक. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो ना, “चमी चरीघ चतेजा”, म्हणजे मी घरी जाते. समोरच्याला कळायचं नाही काय बोललो, पण काहीतरी गुपित चाललंय हे मात्र अख्ख्या वाड्याला कळायचं. ते झालं एन्क्रिप्शन. आणि पाहुणे बसलेले असताना मामी मामांकडे नुसतं बघते आणि मामा चौथी जिलबी परत ताटात ठेवतात, ती नेत्रपल्लवी. पाहुण्यांना पत्ताच नाही की काही बोलणं झालं. फोटोत मजकूर लपवणं हे या दुसऱ्या जातीचं काम, त्याला स्टेगॅनोग्राफी म्हणतात, आणि त्यात मजकूर कळू न देण्यापेक्षा मजकूर आहे हेच कळू न देणं महत्त्वाचं. या शास्त्रात १९८३ सालचं गुस्टावस सिमन्स यांचं एक कोडं अजून सगळे वापरतात: दोन कैदी वेगवेगळ्या कोठडीत, येरवडा म्हणा हवं तर, त्यांना पळून जायचा बेत करायचाय पण प्रत्येक चिठ्ठी जेलर वाचून मगच पुढे देतो. ‘च’ची भाषा वापरली तर चिठ्ठ्याच बंद. म्हणून चिठ्ठी अशी हवी की जेलर वाचेल, जांभई देईल आणि पुढे देईल.

आता फोटो. मामांनी गॅलरीतल्या जास्वंदीचा फोटो काढलेला, तोच घेतला. आपल्याला फूल दिसतं पण फोनच्या दृष्टीने तो निव्वळ आकड्यांचा तक्ता असतो. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक आकडा ० ते २५५. पाकळीवरचा एक ठिपका झूम करून बघितला तर २१४, ३७, ४०. आता त्या २१४ चं मी २१५ केलं तर? मामांना दोन्ही शेजारी शेजारी दाखवले, चष्म्यासकट, चष्म्याशिवाय, उजेडात नेऊन. काही फरक नाही. मामीलाही नाही दिसला, आणि तिला साडीतल्या दोन राणी कलरमधला फरक दहा फुटांवरून दिसतो.

बस, सगळा खेळ इथे आहे. डोळ्याला जो फरक दिसत नाही तेवढी जागा तुम्हाला फुकट मिळाली. आकडा सम असेल तर ० समजायचं, विषम असेल तर १. कॉम्प्युटर ‘क’ हे अक्षर साधारणपणे असं साठवतो: १११००००० १०१००१०० १००१०१०१. चोवीस बिट (एकेक ० किंवा १ म्हणजे एक बिट), म्हणजे एका ठिपक्यात तीन या हिशोबाने बरोबर आठ ठिपके. पहिल्या ठिपक्यात १, १, १ बसवायचे तर २१४ चे २१५ झाले, ३७ आधीच विषम आहे तो तसाच राहिला, ४० चे ४१ झाले. असे आठ ठिपके पुढे गेलं की जास्वंदीच्या पाकळीत ‘क’ जाऊन बसला. मोबाईलच्या १२ मेगापिक्सेल फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात, गुणिले ३, भागिले २४, पंधरा लाख अक्षरं! एका फुलात जाडजूड कादंबरी मावेल आणि वर जागा उरेल.

मामा खूश. म्हणाले पाठव मला, मी ग्रुपवर टाकतो, बघू कोण ओळखतंय. पाठवला. मग त्यांच्या फोनवरून परत माझ्याकडे घेतला, लपवलेलं परत वाचणारी माझी स्क्रिप्ट चालवली आणि ‘क’ गायब, त्याच्या जागी निव्वळ कचरा.

याचं कारण व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवला की ते तो लहान करतं आणि जेपीईजी पद्धतीने परत दाबतं. जेपीईजी हे १९९२ चं स्टँडर्ड, अजून ठणठणीत. ते फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात रंग सावकाश बदलणारा भाग किती आणि बारीक बारीक थरथर किती असा हिशोब मांडतं, मग ते आकडे भागून राऊंड करून टाकतं, किराणा दुकानदार सुट्टे नसले की ४९७ चे ५०० करतो तसं. बारीक थरथर बहुतेक शून्य होते. आणि आपण आपला ‘क’ ठेवला होता कुठे, तर नेमका त्या बारीक थरथरीत. जे डोळ्याला दिसत नाही तेच जेपीईजी आधी फेकतं, शेवटी दोघांचं गिऱ्हाईक एकच आहे, माणसाचा डोळा. तोच फोटो मी पीएनजी करून (ही पद्धत दाबताना काही फेकत नाही) ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तो जसाच्या तसा गेला आणि ‘क’ सहीसलामत परत आला. (ज्यांना जेपीईजीतच लपवायचंय ते राऊंड झाल्यानंतरच्या आकड्यांत लपवतात, २००१ साली आलेली एफ५ नावाची पद्धत तेच करते. पण ती फाईलसुद्धा कुणी परत दाबली की संपलं.)

म्हणजे त्या फॉरवर्डचं काय? फोटोत लपवलेला मजकूर आपणहून उठून काही करत नाही, फोन तो वाचतो आणि रंग भरतो एवढंच, आपल्या जास्वंदीतला ‘क’ जसा नुसता पडून होता. खातं रिकामं व्हायला तीनपैकी एक काहीतरी लागतं. फोटो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच भोक असणं, तसं सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारच्या फोटोंच्या बाबतीत सापडलं होतं आणि सगळ्या ब्राउझरना घाईघाईने अपडेट काढावे लागले, म्हणून अपडेट टाळू नका. दुसरं म्हणजे फोनमध्ये आधीच शिरलेला व्हायरस, जो बाहेरून आलेल्या साध्याभोळ्या फोटोतून पुढच्या सूचना वाचतो. आणि तिसरं, जे आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं: फोटो नसतोच तो. ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘ई-चलान’ नावाची एपीके फाईल असते, म्हणजे अख्खं ॲप, आणि आपण कौतुकाने इन्स्टॉल करतो. मामांना म्हटलं गुड मॉर्निंगच्या गुलाबाला घाबरू नका, नावाच्या शेवटी एपीके दिसलं की हात मागे घ्या.

“बरं, पण पकडता येतं का?” हा मामांचा पुढचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला या विषयात हाच भाग आवडतो.

वरची पद्धत वापरताना २१४ चं २१५ होतं आणि २१५ चं २१४ होतं, पण २१४ चं २१३ कधीच होत नाही. म्हणजे २१४-२१५ ही जोडी, २१६-२१७ ही जोडी, अशा जोड्या पडतात. आता साध्या फोटोत या दोघांची संख्या वेगळी असते, समजा २१४ वाले ठिपके ५००० आहेत आणि २१५ वाले ४३००, काहीही असू शकतं. पण मजकूर भरला की काही इकडचे तिकडे, काही तिकडचे इकडे, आणि दोन्ही ४६५० च्या आसपास येऊन थांबतात. अशी एक जोडी असली तर योगायोग म्हणू, सगळ्याच जोड्या अशा? स्टेशनवर तिकिटाच्या प्रत्येक दोन शेजारच्या खिडक्यांपुढे बरोब्बर सारखी रांग दिसली तर तुम्ही म्हणाल ना की इथे कुणीतरी माणसं मोजून उभी केलीत. १९९९ मध्ये वेस्टफेल्ड आणि फिट्झमन या दोघांनी जर्मनीत हेच गणित मांडलं. मजकूर काय आहे हे त्यांना कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती, आहे एवढं सिद्ध झालं की कैद्यांचा बेत फसला.

मग लपवणारे हुशार झाले. फोटोभर सारखं लपवायचं कशाला? सिंहगडाच्या फोटोत मोकळं आभाळ असतं आणि खाली करवंदीची जाळी असते. आभाळात एक ठिपका हलला तरी गणिताला खुपतो, जाळीत मुळातच सगळी गिचमिड, तिथे दहा हलले तरी कोण विचारतंय. २०१० मध्ये ह्यूगो नावाची पद्धत आली ती नेमकं हे करते, आणि ती पकडून दाखवा म्हणून बॉस नावाची जाहीर स्पर्धाच लावली होती. त्यातून १०,००० ब्लॅक अँड व्हाईट फोटोंचा जो संच तयार झाला तो या विषयात काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी डाउनलोड करतोच. मीही एमटेकला असताना हॉस्टेलच्या नेटवर रात्रभर लावून केला होता आणि पहाटे ९६ टक्क्यांवर लाईट गेली. मामांकडे बघून हे वाक्य मी जरा जोरात म्हटलं.

यातला एक नियम मला अजून गोड वाटतो. फोटो चौपट मोठा घेतला तर चौपट मजकूर लपवता येईल असं वाटतं ना? नाही येत. तेवढीच जोखीम ठेवायची तर साधारण दुप्पटच. नऊपट फोटो घेतला तर तिप्पट. त्याला वर्गमुळाचा नियम म्हणतात. कारण फोटो मोठा झाला की लपवणाऱ्याला जागा वाढते तसा पकडणाऱ्याला पुरावाही वाढतो, आणि त्या शर्यतीत पकडणारा थोडा पुढे राहतो. पंधरा लाख अक्षरं मावतात हे खरं, पण पकडलं न जाता मावतात ती त्यापेक्षा खूपच कमी.

या सगळ्यात जेसिका फ्रिडरिक हे नाव सारखं येतं, अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात आहेत. माझा भाचा रुबिक क्यूब ज्या ‘फ्रिडरिक मेथड’ने सोडवतो ना, ती ह्याच बाईंची. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः लॅपटॉप बंद करून चहा प्यायला गेले. तर २००५-०६ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅमेऱ्यालाही बोटाचे ठसे असतात. सेन्सरवरचे लाखो कण एकसारखे घडत नाहीत, एखादा उजेडाला किंचित जास्त दाद देतो, एखादा कमी, आणि हा वाकडेपणा कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. शिवाजीनगर कोर्टाबाहेर पूर्वी ओळीने टाइपरायटर असायचे, त्यातल्या एखाद्याचा ‘र’ कायम अर्धी रेघ वर पडायचा, कागद बघून जाणकार सांगायचा हा अमक्याच्या मशीनचा. तेच हे. एकाच कॅमेऱ्याचे पन्नासेक फोटो घेऊन सरासरी काढली की फुलं, माणसं, आभाळ सगळं पुसलं जातं आणि हा ठसा शिल्लक राहतो. हल्लीचे फोन मात्र पाच फोटो एकत्र करून, हात हलला तो सरळ करून, चेहरा गुळगुळीत करून एक फोटो देतात, त्यात ठसा पुसट होतो, आणि त्यावर अजून डोकेफोड चालू आहे.

इथे एक तक्रार करून घेते. नेटवर ‘एरर लेव्हल ॲनालिसिस’ नावाची साईट मिळते, फोटो टाकला की काळ्या पडद्यावर काही भाग चमकतात आणि लोक लगेच गोल काढून ‘हे बघा एडिट केलंय’ म्हणून फिरवतात. अहो, जिथे ठळक कडा असते, अक्षरं असतात, नक्षी असते तिथे ते चमकणारच! पैठणीचा काठ कुठल्याही फोटोत चमकेल, तो काय बनावट झाला? दरवर्षी पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखालीचे फोटो येतात, त्यातले काही मागच्या कुठल्यातरी वर्षाचे असतात. त्यात एडिटिंग शून्य, फोटो शंभर टक्के खरा, फक्त तारीख खोटी. असल्या वेळी भारी गणित काही कामाचं नाही, फोटोवरून उलटा सर्च करून जुना फोटो शोधला की दोन मिनिटांत निकाल. माझ्या अनुभवात खोट्या फोटोंचं बरंचसं काम इतकंच रटाळ असतं.

मग आवाजाकडे वळलो आणि मामा खुर्चीत पुढे सरकून बसले. घरात काहीही रेकॉर्ड केलं की पंखा, फ्रीज, जुन्या ट्यूबलाईटचा चोक यांची गुणगुण मागे येते, कानाला जाणवत नाही पण फाईलमध्ये असते. मी म्हटलं, “आपली वीज ५० हर्ट्झची ना...” तेवढ्यात मामा, “कागदावर! प्रत्यक्षात आत्ता ४९.९६, मगाशी ५०.०२ असेल. लोड वाढला की खाली, जनरेशन वाढलं की वर. ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असते.” बरोबर. आणि ही जी सेकंदासेकंदाची हेलकावणारी रेघ आहे ती परत जशीच्या तशी कधी येत नाही. म्हणजे ग्रिडची, वीज वाहणाऱ्या अख्ख्या जाळ्याची, ही रेघ कुणी साठवून ठेवली असेल तर रेकॉर्डिंगमागची गुणगुण तिच्याशी लावून बघायची आणि कुठल्या दिवशी किती वाजताचं आहे ते सांगायचं. रोमानियाच्या कॅटालिन ग्रिगोरास यांनी हे पुढे आणलं, लंडनच्या पोलिसांनी वर्षानुवर्षं अशी रेघ साठवली आहे. मध्येच तुकडा कापून जोडला असेल तर गुणगुणीच्या लाटेला तिथे ठेच लागते, तेही सापडतं.

मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, “पण वेळ कळेल, गाव नाही कळणार.” मी बघतच राहिले, कारण हे मला एका पेपरमधून कळलं होतं आणि त्यांना आपसूक. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका: “३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला. तेव्हापासून कोथरूडमध्ये जी फ्रीक्वेन्सी तीच गुवाहाटीत, तीच मदुराईत. त्याआधी दक्षिणेची वेगळी असायची.” म्हणजे त्याआधीचं रेकॉर्डिंग असेल तर ते दक्षिणेतलं की नाही एवढं सांगता आलं असतं, त्यानंतरचं असेल तर नाही. चाळीस वर्षं ज्याला ‘सिस्टिम’ म्हणत आले ती देशातल्या प्रत्येक घरगुती रेकॉर्डिंगवर शिक्का मारतेय हे कळल्यावर त्यांनी मामीला आतून बोलावून परत सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

कलर लेझर प्रिंटरचे पिवळे ठिपके, एआयच्या चित्रांत गुगल भरतं ती सिंथआयडीची अदृश्य खूण, हे त्याच घराण्यातले. प्रिंटरचं एकच सांगते, बरेच कलर लेझर प्रिंटर कागदभर डोळ्याला न दिसणारे फिकट पिवळे ठिपके छापतात, २००५ मध्ये झेरॉक्सच्या एका मॉडेलचे ठिपके ईएफएफ संस्थेने उलगडले तर त्यात छापल्याची तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर निघाला. निळ्या उजेडात भिंगाखाली धरले की दिसतात.

आणि मग मामांनी ती पार्किंगची क्लिप पुढे केली. “आता ह्यात सांग गाडीचा नंबर काय.” बघितलं तर क्लिप डीव्हीआरमधून, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यातून, काढलेलीच नव्हती. सेक्रेटरींनी मॉनिटरवर चालू केली, समोर मोबाईल धरून शूट केली, मागे त्यांच्या टीव्हीवरची मॅच ऐकू येतेय, आणि तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला, तिथून तीन ग्रुप फिरून मामांकडे. म्हणजे आधी कॅमेऱ्याने दाबली, मग मॉनिटरच्या रेघांवर मोबाईलने दाबली, मग व्हॉट्सॲपने पुन्हा पुन्हा. कॅमेऱ्याचा ठसा गेला, बारीक थरथर गेली, नंबरप्लेट म्हणजे चार राखाडी ठोकळे. भाताची पेज करून आणायची आणि विचारायचं तांदूळ कुठल्या शेतातला.

शिवाय उद्या हे प्रकरण पोलिसांत गेलं तर ही क्लिप टिकवणं अवघड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाईलची हॅश लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला एक ठरावीक लांबीचा आकडा, एसएचए-२५६ ने काढला तर ६४ अक्षरी. फाईलमधला एक बिट बदलला तरी तो आख्खा बदलतो. जास्वंदीच्या मूळ फोटोची हॅश आणि ‘क’ लपवलेल्या फोटोची हॅश मी मामांना लावून दाखवली, डोळ्याला दोन्ही फुलं तीच आणि हॅशमध्ये ओळखीचं काही नाही. सर्टिफिकेटची सक्ती जुन्या कायद्यातही होती, जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीच्या वादात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ती ठामपणे सांगितली, मूळ उपकरणच कोर्टात आणून दाखवलं तर गोष्ट वेगळी.

“मग मूळ फाईल पाहिजे,” मामा म्हणाले.

“डीव्हीआरमध्ये असेल. पण डिस्क भरली की तो जुन्यावरच नवीन लिहितो. तुमच्याकडे किती दिवसांचं राहतं?”

“पंधरा.”

“आणि स्कूटरला ठोकून किती दिवस झाले?”

मामांनी बोटांवर मोजलं, संकष्टी, मग पाण्याचा टँकर आला तो दिवस, मग कमिटीची मीटिंग. “चौदा.”

चहा अर्धा तसाच ठेवून ते चपला घालून निघाले. जिन्यात पोचले असतील तेव्हा मामी आतून ओरडली, “अहो, त्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे आहे, आणि ते अलिबागला गेलेत!”